टाकीवरचं घुबड

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात 'मुलं आणि निसर्ग' या विषयावर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं 'मार्गदर्शन' असा शब्द छापलाय. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळं कुठंही गेलं की लोक हातात माइक देतात आणि दोन शब्द मार्गदर्शन करा म्हणतात. आज ते जमणार नाही. आज मला एक कबुली द्यायची आहे. ती सभेच्या इतिवृत्तात कुठंही नाही, आणि इथं बसलेल्या निम्म्या लोकांना ती गोष्ट माहीतही नाही. पण सोसायटीचा पंचवीस वर्षांचा हिशोब मांडायचा म्हटलं, तर खर्चाची ही बाजूही यायला पाहिजे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं जागा घेतली तेव्हा गावातली माणसं हसली होती. 'त्या माळावर कोण राहायला जातंय?' म्हणायची. एका अंगाला कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, दुसऱ्या अंगाला पिलीवच्या दिशेनं पसरलेला माळ आणि मधोमध अर्धवट प्लास्टर झालेल्या आपल्या इमारती. रात्री लाईट गेली की कोल्हेकुई ऐकू यायची. पहाटे तारेवर पिंगळा बसलेला असायचा. पहिल्या पावसात जिन्याखाली बेडूक आणि बेडकामागं साप, हे ठरलेलं. वॉचमनच्या खोलीमागं मुंगसाचं बीळ होतं. मुलांनो, तुमचे आई-बाबा तेव्हा तुमच्याएवढे होते आणि ते मुंगूस बघायला शाळेला उशीर करायचे. मीच त्यांना वर्गाबाहेर उभं करायचो.

पुढं वस्ती वाढली. माळाचे प्लॉट पडले. पालखी मार्ग रुंद झाला, कडेची जुनी झाडं गेली. त्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्यांनी कुठं जायचं, हा प्रश्न कुणाच्या अजेंड्यावर नव्हता. त्यातल्या एका जोडप्यानं आपापलं उत्तर शोधलं आणि ब इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली, स्लॅबच्या सांदीत बिऱ्हाड केलं. ते गव्हाणी घुबड होतं. पांढरंशुभ्र पोट, सोनेरी पाठ आणि बदामासारखा चेहरा. त्याचं नावच सांगतं की ते माणसाच्या गोठ्याजवळ, गव्हाणीजवळ राहणारं आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी त्याला ते नाव उगाच दिलेलं नाही.

पण हे पाखरू घुबडासारखं घुमत नाही, चिरकतं. रात्री दोन वाजता टाकीवरून अशी किंकाळी आली की नवीन माणसाचं काळीज हलतं. त्यात त्याच वर्षी आपल्याकडं लागोपाठ दोन ज्येष्ठ सभासद गेले. मग काय, 'घुबड बसलंय टाकीवर, आणखी काय होणार?' अशी कुजबुज सुरू झाली. गंमत बघा, लक्ष्मीपूजनाला ज्या लक्ष्मीला आपण घरात बोलावतो, तिचं वाहन घुबड. म्हणजे लक्ष्मी यावी, पण चालत यावी!

त्याच सुमाराला उंदीर वाढले. पार्किंगमध्ये गाड्यांच्या वायरी कुरतडायला लागले. तळमजल्यावरच्या एका वहिनींच्या घरी ज्वारीचं अर्धं पोतं फस्त केलं. सर्वसाधारण सभेत हा विषय आला आणि पाच मिनिटांत ठराव झाला, सर्वानुमते. उंदरांचं औषध टाकायचं. तेव्हा सचिव मी होतो. ठराव मी लिहिला, सही मी केली आणि बाजारातून त्या रंगीत वड्यांची पाकिटंही मीच आणली. गटारीच्या कडेला, जिन्याखाली, कंपाउंडच्या भिंतीलगत वड्या टाकल्या. आठ दिवसांत उंदीर दिसेनासे झाले. लोकांनी माझं अभिनंदन केलं. मलाही बरं वाटलं.

नवव्या की दहाव्या दिवशी संध्याकाळी चार-पाच मुलं माझ्या दारात आली. बुटाच्या खोक्यात घुबड होतं. पंख पसरलेले, मान टाकलेली, चोचीच्या कडेला रक्त. टाकीखाली पडलेलं सापडलं म्हणाली. 'सर, बघा ना याला काय झालंय.' मी पाणी पाजायचा प्रयत्न केला. रात्री साडेआठला ते गेलं. तिसऱ्या दिवशी दुसरं कंपाउंडच्या बाहेर मेलेलं सापडलं. टाकीखाली पिलं होती, हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं. घुबडाची पिलं भूक लागली की घोरल्यासारखा आवाज करतात. तो आवाज आम्ही दोन रात्री ऐकला. गच्चीवर शिडी लावून कुणाला तरी वर चढवेपर्यंत आवाज थांबला होता.

त्या मुलांत सातवीतली एक मुलगी होती. आता ती पुण्याला शिकते. तिनं मला विचारलं, 'सर, तुम्हीच आम्हाला अन्नसाखळी शिकवली ना? मग विष उंदरात गेलं तर पुढं कुठं जाणार, हे तुम्हाला कळलं नाही का?'

मी काहीतरी उत्तर दिलं, काय ते आठवत नाही. पण तो प्रश्न आजपर्यंत गेलेला नाही. एकतीस वर्षं मी फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार असे बाण काढले. परीक्षेत त्यावर प्रश्न घातले, चुकले त्यांचे मार्क कापले. आणि माझ्या स्वतःच्या डोक्यावर, टाकीच्या खाली, जो बाण जिवंत फिरत होता तो मला दिसला नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या घुबडांची तपासणी कुणी केली नाही, त्यामुळं कोर्टात चालेल असा पुरावा माझ्याकडं नाही. पण या औषधाचं काम कसं चालतं ते मी नंतर नीट वाचलं. बहुतेक वड्यांत रक्त न गोठू देणारं द्रव्य असतं. उंदीर खातो, पण लगेच मरत नाही. दोन-चार दिवस तो आतल्या आत रक्तस्राव होत, सुस्त होऊन, उघड्यावर फिरत राहतो. शिकाऱ्याला यापेक्षा सोपं सावज कुठलं? घुबडानं असे पाच-सहा उंदीर खाल्ले की ते विष त्याच्या अंगात साठतं. म्हणजे आम्ही उंदीर मारले आणि उंदराचा वैरीही मारला.

आणि उंदीर? चार महिन्यांत पुन्हा आले, आधीपेक्षा जास्त.

असं का होतं, याचं उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १८ या काळात, इटलीजवळच्या एड्रियाटिक समुद्रात मासेमारी थंडावली. पुढं उंबेर्तो दान्कोना नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं मासळी बाजाराच्या नोंदी तपासल्या. त्याला दिसलं की युद्धाच्या वर्षांत दुसऱ्या माशांना खाणाऱ्या, शार्कसारख्या माशांचं प्रमाण वाढलं होतं. त्यानं हे कोडं वितो वोल्तेरा या गणितज्ञाला घातलं. वोल्तेरा पुढं त्याचे सासरेही झाले. त्यांनी १९२६ साली गणित मांडून दाखवलं, की भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सरसकट मारत राहिलात, तर मार बसतो तो भक्षकाला. भक्ष्याची संख्या उलट वाढते. आपल्या पार्किंगमध्ये नेमकं हेच झालं. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिलं देते आणि ती पिलं दोन-तीन महिन्यांत स्वतः वेतात. घुबडाचं तसं नसतं. विष दोघांनाही लागलं, पण उंदीर भरून निघाले आणि घुबडाची जागा रिकामीच राहिली.

पुढच्या सभेत मी उभा राहून हे सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं नाही. 'सर, घुबडासाठी आम्ही उंदीर सांभाळायचे का?' असंही एक जण म्हणाले, आणि त्यांच्या गाडीचं सात हजारांचं वायरिंग गेलं होतं, त्यामुळं मला त्यांचा रागही आला नाही. शेवटी बरीच चर्चा होऊन वर्षभर करून बघायचं ठरलं. कचऱ्याचे डबे झाकणाचे आणले. गटारीला जाळ्या बसवल्या. रात्री कुत्र्यांसाठी म्हणून भिंतीवर ठेवलं जाणारं उरलंसुरलं बंद केलं, कारण ते कुत्र्यांपेक्षा उंदरांच्याच पोटात जात होतं. जिन्याखाली पिंजरे लावले. विष बंद. आणि मुलांच्या हट्टामुळं सुताराकडून लाकडाची एक मोठी पेटी करून टाकीच्या कठड्याला बांधली.

पेटी अडीच वर्षं रिकामी होती. मुलं रोज बघायची, मग आठवड्यानं बघायला लागली, मग विसरली. एका दिवाळीच्या सुट्टीत टाकी धुवायला गेलेला माणूस ओरडतच खाली आला, 'वर भूत बसलंय!' सगळी सोसायटी त्या दिवशी हसली, आणि मला घरात जाऊन डोळे पुसावे लागले.

मुलांनो, त्यानंतर आपण काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, मोठ्यांसाठी सांगतो. घुबड उंदीर चावून खात नाही, गिळतं. मांस पचतं, हाडं आणि केस पचत नाहीत. त्यांचा गोळा करून ते तोंडावाटे टाकून देतं. ते काळपट गोळे पेटीखाली पडतात. मुलं हातमोजे घालून ते गोळा करतात, उन्हात वाळवतात, कोमट पाण्यात भिजवून चिमट्यानं सोडवतात आणि आतल्या कवट्या मोजतात. पहिल्याच वेळी अकरा गोळ्यांत एकोणीस कवट्या निघाल्या. बहुतेक उंदरांच्या, दोन चिचुंद्रीच्या. एक मुलगा म्हणाला, 'सर, ही तर सोसायटीची नोकरी करते, हिला पगार नाही!' त्या दिवशी मुलांना जेवढं कळलं, तेवढं माझ्या फळ्यावरच्या बाणांनी एकतीस वर्षांत कळलं नसेल.

उंदीर संपले का? नाही. अजून अधूनमधून कुणाची तरी वायर जाते. पण तक्रारवहीतली पानं कमी झालीत. आणि उंदीर समूळ संपावेत असं आता मलाही वाटत नाही. ते संपले तर पेटी पुन्हा रिकामी होईल.

यालाच आपण निसर्गाचा समतोल म्हणतो. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढं सरळ उभा राहिलेला तराजू येतो. मला तो सायकलसारखा वाटतो. सायकल सरळ चालते असं आपल्याला दिसतं, पण हँडल सतत थोडं इकडं, थोडं तिकडं वळत असतं. एखाद्या वर्षी पाऊस चांगला, मग गवत फार, मग उंदीर फार, मग घुबडाची पिलं जास्त जगतात, मग उंदीर कमी, मग पिलंही कमी. हँडल हलतं म्हणून सायकल उभी राहते. आपण काय करतो, तर 'हे हलणं नको' म्हणून हँडल घट्ट बांधून टाकतो.

आता थोडं सोसायटीच्या बाहेर, माळाकडं जाऊ. कारण भक्षक म्हटलं की मुलांच्या मनात पहिला येतो तो लांडगा. आपण लहानपणीच त्यांना सांगतो, कोल्हा लबाड, लांडगा दुष्ट, मगर कपटी आणि ससा गरीब. 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट खोटं बोलू नये म्हणून सांगायची असते, पण मुलाच्या डोक्यात राहतो तो लांडगाच. गोष्टी सांगू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः नातवंडांना सांगतो. फक्त गोष्ट झाल्यावर एकदा माळावर जाऊन यावं, एवढंच.

आपला सोलापूर जिल्हा हा लांडग्यांचा जिल्हा आहे, हे आपल्याच मुलांना माहीत नसतं. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य १९७९ साली झालं. त्या गवताळ रानात काळवीट आहेत आणि त्यांच्यामागं लांडगाही आहे. साऱ्या देशात लांडगे साधारण तीन हजारांच्या आसपास उरलेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सरकारी कागदांवर माळाला कित्येकदा 'पडीक' म्हणतात. पण त्या पडीक जमिनीवर गवत आहे, गवतावर ससा आणि हरीण आहे, त्यांच्यावर लांडगा आहे, आणि त्यातच आपल्या तालुक्यातल्या धनगरांची मेंढरंही चरतात.

काही वर्षांपूर्वी आपल्या मागच्या शेतात मेंढरं बसवायला एक कुटुंब आलं होतं. सकाळी कळलं की रात्री वाघरीतून एक कोकरू गेलं. मी चार मुलांना घेऊन तिकडं गेलो. तिथल्या आजोबांना एका मुलीनं विचारलं, 'आजोबा, लांडगा वाईट असतो ना?' ते म्हणाले, 'भुकेला असतोय पोरी. त्याला बी पिलं हायती.' मला वाटलं, मुलीसमोर म्हणून बोलतायत. मी विचारलं, 'पण तुमचं नुकसान झालं, त्यांना मारून टाकावं असं नाही वाटत?' ते म्हणाले, 'मास्तर, आला तर आमी त्याला सोडत न्हाई. दगूड घालतो, कुत्री सोडतो, रातभर जागतो. पर जातच संपवा असं कुठनं म्हणायचं? मागं ऱ्हायलेलं, दुखणाईत मेंढरू त्योच नेतो. आन् त्यो हाय म्हणून तर राखण हाय.' हे बोलणं चालू असताना त्यांच्या घरच्या बाई त्या कोकराच्या आईजवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मेंढी सारखी ओरडत होती. मुलांनी दोन्ही गोष्टी पाहिल्या, मेंढीचं ओरडणंही आणि आजोबांचं बोलणंही. येताना कुणी काही बोललं नाही. मीही मुद्दाम काही समजावून सांगितलं नाही.

मला वाटतं, मुलांना शिकवताना आपण इथंच चुकतो. एकतर शिकारी प्राण्याला राक्षस करतो, नाहीतर एकदम देव. दोन्ही खोटं. नागपंचमीला नागाला दूध दाखवायचं आणि षष्ठीला तोच साप अंगणात दिसला की काठी काढायची. साप दूध पीत नाही. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, ही तर निव्वळ थाप आहे. धामण बिनविषारी असते आणि शेतातले उंदीर खाते. पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मात्र खरेच जीव घेतात. आपल्या देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं मरतात, असा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तेव्हा 'साप आपला मित्र' एवढंच मुलाला शिकवणं धोक्याचं आहे. साप दिसला तर लांब उभं राहायचं, हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं, सर्पमित्राला फोन करायचा. कुणाला चावला तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही; तो हात-पाय न हलवता सरळ दवाखाना गाठायचा. हे पाठ पाहिजे. भीती वाईट नाही, मुलांनो. रस्ता ओलांडताना आपण गाडीला भितो, म्हणून गाड्या फोडत नाही.

बिबट्याचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात, बिबट्यानं तीन माणसं मारली. शेवटी त्याला गोळी घालावी लागली आणि ती घालणारे नेमबाज आपल्याच तालुक्यातले, अकलूजचे होते. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरासमोर जाऊन समतोलावर भाषण करायची माझी छाती नाही. माणूस मारायला लागलेल्या जनावराचा बंदोबस्त करावाच लागतो. पण त्या दिवसांत गावोगाव लोक म्हणत होते, 'दिसेल तो बिबट्या पकडा आणि लांब नेऊन सोडा.' हे करून बघून झालंय. २००१ च्या सुमाराला जुन्नर भागात उसातले बिबटे पकडून दुसरीकडं सोडायला सुरुवात झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, हे एक कारण त्यातून पुढं आलं. म्हणजे आमच्या उंदराच्या वड्यांसारखंच झालं. घाईत केलेला उपाय दुखण्यापेक्षा महाग पडला.

आपल्याकडंही ऊस आहे. त्यामुळं मुलांना घाबरवून घरात कोंडण्यापेक्षा नियम शिकवावेत. तिन्हीसांजेला उसाच्या कडेनं एकट्यानं जायचं नाही. बॅटरी घ्यायची, मोठ्यानं बोलत जायचं. अंधारात उघड्यावर वाकून बसायचं नाही. कचऱ्यावर कुत्री-डुकरं पोसायची नाहीत, कारण त्यांच्यामागून तो येतो.

पालकांना एक सांगायचंय. मांजरानं चिमणीचं पिल्लू धरलं आणि आपलं मूल रडायला लागलं, की आपण म्हणतो, 'वाईट मांजर, थांब, मारते मी त्याला.' तसं म्हणू नका. मुलाला रडू द्या. ते रडणं खरं आहे. मग थोड्या वेळानं सांगा, की मांजरालाही भूक असते, आणि चिमणीनंही सकाळपासून कितीतरी अळ्या नेऊन पिलांना घातल्या होत्या. अळीसाठी आपण कधी रडलो नाही. एवढं बोललं की पुरे. मूल स्वतः विचार करतं. आणि पाळलेलं मांजर रात्री घरात ठेवा, म्हणजे चिमण्याही वाचतील. पालीनं पतंग धरलेला दिसला तर टीव्ही बंद करून दोन मिनिटं बघू द्या. शिकार बघून मूल क्रूर होत नाही. मोठ्यांनी उगाच काठी उचललेली बघून मात्र होऊ शकतं.

आता माझी कबुली संपली. त्याबरोबर एक विनंती आहे. येत्या सर्वसाधारण सभेत एक छोटा ठराव मांडावा असं मी अध्यक्षांना सांगितलंय. आपल्या आवारात कुठल्याही प्राण्यासाठी विष टाकायचं असेल, तर आधी मुलांची एक बैठक घ्यावी आणि कुणाकुणाच्या पोटात ते जाईल हे मुलांनी फळ्यावर काढून दाखवावं. बाण मुलांनी काढायचे. मग मोठ्यांनी सह्या करायच्या. मागच्या वेळी सह्या आधी झाल्या आणि बाण नंतर काढले गेले, म्हणून सांगतो.

टाकीच्या पेटीची वहीही आजपासून मुलांच्या ताब्यात देतो. आतापर्यंत ती माझ्याकडं होती. त्यात तारीख, गोळे किती, कवट्या किती आणि पिलं किती, एवढंच लिहायचं. पहिल्या पानावर मी त्या वर्षाची, त्या दोन घुबडांची नोंद केली आहे. ते पान फाडू नका.

आणि शेवटचं. परवा मांडववाल्यानं हौसेनं टाकीलाही लाईटच्या माळा गुंडाळल्या होत्या. त्याला सांगून मी त्या काढायला लावल्या. तेवढा एक कोपरा अंधारात राहिलाय, त्याबद्दल सजावट समितीनं मला माफ करावं. पेटीत सध्या तीन पिलं आहेत. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना बघायचंय त्यांनी चपला हातात घेऊन, न बोलता, अ इमारतीच्या गच्चीवर यावं. साधारण आठच्या सुमाराला मादी बाहेर पडते. तिच्या पंखांचा आवाज येत नाही, त्यामुळं नजर पेटीवरच ठेवा.